स्टेडियमची चर्चा, तालुक्याच्या हॉलला कुलूप

२८ जानेवारी २०२५ रोजी भुवनेश्वरच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला आणि देशभर त्या शब्दाची चर्चा सुरू झाली. निमित्त होतं ब्रिटनच्या ‘कोल्डप्ले’ बँडचं. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन आणि अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर दोन कार्यक्रम नुकतेच झाले होते. हॉटेलं भरली, विमानांची तिकिटं महागली, जादा लोकल सोडाव्या लागल्या. राज्यांनी आणि खासगी क्षेत्राने अशा कार्यक्रमांसाठी सोयी उभाराव्यात, असं तेव्हा सांगण्यात आलं. पुढे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने लाइव्ह कार्यक्रमांसाठी वेगळा कक्षही नेमला.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. स्टेडियम भरणारा कोणताही बँड पहिल्या दिवशी स्टेडियमवर वाजवत नाही. तो आधी शंभर-दीडशे माणसांच्या खोलीत वाजवतो, चुकतो, घामाघूम होतो, पुन्हा वाजवतो. कोल्डप्लेची सुरुवातही १९९० च्या दशकाअखेरीस लंडनच्या छोट्या पबमधूनच झाली. ही छोटी खोली महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेर कुठे आहे? तालुक्याच्या ठिकाणी गिटार, बेस आणि ड्रम घेऊन स्वतःची गाणी वाजवणाऱ्या चार पोरांनी तिकीट लावून कार्यक्रम करायचा म्हटला, तर त्यांनी जायचं कुणाकडे?

ऐकणारे नाहीत म्हणून असे कार्यक्रम होत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. ते तितकंसं खरं नाही. मोबाइलवर गाणं पोचायला आता तालुका आणि शहर असा फरक उरलेला नाही. अडचण जागेची आहे, परवानगीची आहे आणि सर्वात जास्त ती हिशोबाची आहे.

तिकीट लावणं गावाला नवं नाही

गावाकडे लोक गाण्याला पैसे देत नाहीत, हाही एक आवडता समज. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात आजही गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. यात्रेची सुपारी ठरवायला गावोगावचे कारभारी तिथे येतात. वर्गणीतून होणारा खुला तमाशा वेगळा आणि तंबू ठोकून, तिकीट लावून होणारा तमाशा वेगळा. तंबूच्या तमाशाने कित्येक दशकं ट्रक, तंबू, जनरेटर आणि माणसांची फौज घेऊन तालुके पिंजून काढले. कार्यक्रमाचं मार्ग-वेळापत्रक, आगाऊ रक्कम, गावातला हमीदार माणूस, पोस्टर, रिक्षावरची दवंडी, हे सारं तंत्र इथल्याच मातीत पक्कं झालेलं आहे. शहरातले आयोजक ज्याला ‘टूर’ म्हणतात, त्याचा अनुभव या फडांच्या व्यवस्थापकांकडे उदंड आहे.

त्यानंतर आली ऑर्केस्ट्रा. आणि गल्लीतला बँजो? विजेवर चालणारा बँजो, सोबत ड्रम पॅड, ताशा, ढोल, वाजवणारी पोरं विशीतली, आवाज अंगावर येणारा. कोणी त्याला रॉक म्हणत नाही, एवढंच. मुंबईत, कोकणात अशा पार्ट्यांचे चाहते ठरलेले असतात आणि कोणाचा हात कसा बसतो यावर तासन्‌तास वाद घालतात. चाहतेपणाला लागणारा सगळा मसाला इथे आहे. फरक इतकाच की बँजो पार्टीला सुपारी देणारं मंडळ असतं, लग्नघर असतं. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला सुपारी देणारं कोणी नाही. त्याला थेट ऐकणाऱ्याकडूनच पैसे घ्यावे लागतात.

परवानग्यांची उलटी उतरंड

महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांना परवाना लागतो. त्यासाठीचे मूळ नियम १९६० चे आहेत आणि त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. त्याशिवाय ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांची, जागा नगरपंचायतीची असेल तर तिचं ना हरकत, अग्निसुरक्षेचा कागद, वाहतुकीचा कागद. पन्नास हजार लोकांच्या कार्यक्रमाला हे सगळं लागणं योग्यच आहे. दीडशे खुर्च्यांच्या हॉललाही तोच ढिगारा पार करावा लागतो, तेव्हा गाडी अडते. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी पगारी माणसं असतात. तालुक्यातल्या पोराकडे एक दुचाकी असते आणि कॉलेजचं वेळापत्रक.

आता आवाजाचं बघू. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. जिल्हाधिकारी दरवर्षी या दिवसांची यादी जाहीर करतात आणि ती बहुतेक सणांतच संपते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा शांतता क्षेत्राचा नियम आणखी कडक.

पण याच नियमात एक ओळ अशी आहे, जिच्याकडे आयोजकांचं आणि ठाण्यातल्या अंमलदारांचंही फारसं लक्ष जात नाही. रात्रीची बंदी बंदिस्त जागांना, म्हणजे सभागृह, कम्युनिटी हॉल, मंगल कार्यालयाचा बंद हॉल यांना त्याच पद्धतीने लागू होत नाही. बाहेर आवाज किती जातो, ते महत्त्वाचं. हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यापैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. थोडक्यात, भिंती आणि दारं असलेल्या खोलीत माफक आवाजात वाजवणाऱ्या बँडला कायद्यानेच वाट ठेवलेली आहे. तरीही तालुक्याच्या ठाण्यात ‘रॉकचा कार्यक्रम’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे डीजेची भिंतच उभी राहते. अर्ज नाकारायला ते चित्र पुरतं.

गंमत म्हणजे ती डीजेची भिंत रस्त्यावर फिरतच असते. तिला तिकीट नाही, तिचा आयोजक एकटा माणूस नसतो, मंडळ असतं आणि मंडळामागे कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॉपीराइटच्या कायद्यातही असाच झुकाव दिसतो. धार्मिक विधी, शासकीय समारंभ आणि लग्न, त्यातली वरातसुद्धा, यांत वाजणाऱ्या गाण्यांना १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून दुसऱ्याचं गाणं मंचावर गायलं तर मात्र हक्कधारकांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. तो घ्यावाच, कारण गाणं लिहिणाऱ्याचंही पोट आहे. पण ज्या बँडची सगळी गाणी स्वतःची आहेत आणि ज्यांनी आपले हक्क कुठल्या संस्थेकडे दिलेले नाहीत, त्यांच्या कार्यक्रमाला हा खर्च येत नाही, हे फार थोड्या आयोजकांना माहीत असतं.

करातही दिलासा आहे. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी नाही. ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये २५० वरून ५०० करण्यात आली. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. तालुक्यात पाचशेच्या वर तिकीट लावण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे करामुळे कार्यक्रम मरतो असं म्हणता येणार नाही.

हिशोब मांडून बघू

समजा, दीडशे माणसांचा हॉल आहे आणि तिकीट १५० रुपये. हॉल खच्चून भरला तर २२,५०० रुपये जमा. हॉलचं भाडं पाच हजार, साउंड आणि ड्रमसेट आठ हजार, पुण्याहून किंवा कोल्हापूरहून चौघांच्या बँडचा वाद्यांसह प्रवास पाच हजार, दोन वेळचं जेवण-चहा दोन हजार. वीस हजार गेले. उरले अडीच हजार, माणशी ६२५. हॉल अर्धाच भरला तर आयोजकाच्या खिशातून आठ-नऊ हजार जाणार.

शहरातली छोटी जागा हे गणित कसं सोडवते? बहुतेक ठिकाणी बारच्या गल्ल्यावर. तिकिटाचे पैसे बँडला, दारू-खाण्याचे पैसे जागेच्या मालकाला. मोठ्या महोत्सवांचंही तेच. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘एनएच ७ वीकेंडर’ पुढे कित्येक वर्षं एका मद्य कंपनीचं नाव पुढे लावूनच ओळखला गेला. तालुक्यात हा मार्ग नाही, आणि नसलेलाच बरा. दारूचा काउंटर लागला की हॉलमधून मुली, आया आणि शाळकरी पोरं आपोआप गळतात, मग निम्मा श्रोता गेलाच. म्हणून इथे खर्च कमी करणं हाच उपाय आहे आणि त्यातला सर्वात मोठा आकडा हॉल आणि साउंडचा आहे.

हॉलचं उत्तर बऱ्याच तालुक्यांत समोरच उभं आहे. नगरपरिषदांनी सरकारी निधीतून बांधलेली नाट्यगृहं, सांस्कृतिक भवनं, समाजमंदिरं. उद्घाटनाची कोनशिला चकचकीत, आत खुर्च्या फाटलेल्या, कुलूप लागलेलं, निवडणुकीच्या साहित्यासाठी किंवा एखाद्या प्रशिक्षणापुरती उघडणारी. खासगी मंगल कार्यालयं लग्नसराईत मिळणार नाहीत, पण आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्नाच्या तिथी जवळपास नसतात. त्या काळात कार्यालयाचा मालक हॉल बंद ठेवण्यापेक्षा निम्म्या भाड्यात द्यायला तयार होतो. पावसाळा असल्याने मैदानावरचे कार्यक्रम तसेही होत नाहीत. म्हणजे तालुक्यातल्या छोट्या कार्यक्रमांचा हंगाम पंचांगानेच ठरवून दिलेला आहे.

साउंडचं काम मात्र नाजूक. भजनी मंडळाला, कीर्तनाला, ऑर्केस्ट्राला साउंड देणारा मंडपवाला बँडला साउंड देऊ शकतो, त्याच्याकडे मिक्सर असतो, कान असतो. पण त्याला आधी सांगावं लागतं की छोट्या हॉलमध्ये ड्रमला माइकची गरज बहुतेक नसतेच, उलट ड्रमच्या आवाजाच्या हिशोबाने गाणाऱ्याचा माइक वर आणायचा असतो. बास ढिगाने वाढवला की शब्द कळत नाहीत आणि पत्र्याचं छत थरथरतं. दुसरी गोष्ट अर्थिंगची. मंडपाच्या तात्पुरत्या जोडणीत अर्थिंग नसेल तर गिटारच्या तारेवर हात आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो, आणि हा झटका जिवावरही बेतू शकतो. कार्यक्रमाआधी वायरमन बोलावून हे तपासण्याचा खर्च चारशे-पाचशे रुपये असेल, पण तो पोस्टरच्या आधी करायला हवा.

ज्यांनी आडगावी करून दाखवलं

भारतातल्या रॉकचा इतिहास महानगरांचाच आहे, असं वाटतं. पण या चाहत्यांना वर्षानुवर्षं जोडून ठेवणारं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक अमित सहगल यांनी १९९३ मध्ये काढलं ते अलाहाबादहून. ना तिथे मोठी रेकॉर्ड कंपनी, ना कार्यक्रमांची जागा. टपालाने जाणाऱ्या त्या अंकांतून एका गावातल्या चाहत्याला दुसऱ्या गावातल्या बँडचा पत्ता लागायचा.

शिलाँगमध्ये गायक लू माजाव १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले आहेत. ना सरकारी आदेश, ना कंपनीचा करार. एक चाहता आणि एक तारीख. गावच्या यात्रेचं बळही हेच असतं. पाहुण्याला बोलवावं लागत नाही, त्याला तिथी माहीत असते. तालुक्यातले हौशी आयोजक नेमकी इथे चूक करतात. एक कार्यक्रम दणक्यात करतात, कर्ज होतं, मग तीन वर्षं काही नाही. दर दोन महिन्यांनी ठरलेल्या शनिवारी चाळीस माणसांसाठी केलेला कार्यक्रम त्यापेक्षा जास्त टिकतो.

अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्याचं उदाहरण तर शेतीच्या गावाचं आहे. तिथला महोत्सव २०१२ मध्ये सुरू झाला. स्थानिक बॉबी हानो आणि दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी तो उभा केला. आपातानी समाजाच्या भातशेतीच्या बांधावर, तिथल्याच कारागिरांनी बांबूचे मंच बांधले. राहण्या-जेवणाचा पैसा तिथल्या घरांत गेला. बाहेरच्या भारतीयाला अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट काढावं लागतं, रस्ता घाटाचा, तरी माणसं दरवर्षी जातात. अर्थात प्रत्येक तालुक्याने झिरो व्हायचं म्हटलं तर ते खुळेपणाचं होईल. निसर्ग, पर्यटन आणि बाहेरून येणारा पैसेवाला श्रोता ही तिथली जमेची बाजू आहे. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, मंच कोणी बांधला आणि पैसा कोणाच्या घरात गेला ती.

मेघालय सरकारने तर आणखी सोपा मार्ग धरला. स्थानिक कलाकारांनी चौकात, बागेत, कॅफेत ठरावीक दिवशी वाजवायचं आणि सरकारने त्यांना मानधन द्यायचं, अशी योजनाच सुरू केली. मोठ्या महोत्सवाच्या एका रात्रीच्या खर्चात असे कित्येक छोटे कार्यक्रम बसतात.

जागा गेल्यावर काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह एकेकाळी रॉक चाहत्यांचं हक्काचं ठिकाण होतं. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथेच वाढला. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं असल्याने जागा शांतता क्षेत्रात आली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण पर्यायी जागा त्याच वेळी उभी राहिली नाही. महोत्सव इकडेतिकडे फिरला, मग कित्येक वर्षं बंद पडला आणि २०२२ मध्ये माझगावला पुन्हा झाला. मधल्या काळात एका पिढीची सवय तुटली ती तुटलीच.

ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात १२५ छोट्या संगीत-जागा बंद पडल्या किंवा तिथलं संगीत थांबलं, अशी नोंद ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ या संस्थेने केली. मोठ्या स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटातून एक पौंड छोट्या जागांना द्यावा, अशी तिची मागणी आहे आणि तिथल्या सरकारनेही ऐच्छिक वर्गणीला पाठिंबा दिला. फ्रान्समध्ये तर अशा तिकिटांवर ३.५ टक्के आकार घेऊन तो संगीत क्षेत्राकडेच वळवला जातो. आपल्याकडे ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’च्या चर्चेत हा एक पौंडाचा मुद्दा अजून कोणी मांडलेला दिसत नाही.

भाषा आणि शेवटची एसटी

एक कडू गोष्ट चाहत्यांनीही ऐकून घ्यायला हवी. बंगालमध्ये १९७० च्या दशकात ‘मोहिनेर घोडागुली’ने बांगला भाषेत बँड उभा केला, पुढे ‘फॉसिल्स’, ‘चंद्रबिंदू’सारखे बँड जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या कॉलेजांत पोचले, कारण शब्द कळत होते. केरळात ‘अवियल’ने मल्याळममध्ये तेच केलं. मराठी मुलखातल्या रॉकचा मोठा काळ इंग्रजीत गेला. तालुक्यातला श्रोता नाक मुरडतो, अशी तक्रार करताना आपण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललो, हेही बघावं लागेल. ओवी-अभंगाला गिटार लावली म्हणजे झालं, असंही नाही. नव्या गाण्यात कांद्याचा भाव, एमपीएससीचा निकाल, लग्न न जमणारा तिशीचा पोरगा हे सगळं मराठीत यायला हवं.

आणि वेळ. शहरात कार्यक्रम रात्री नऊला रंगात येतो. तालुक्यात खेड्यावर परतणाऱ्या पोरा-पोरींची शेवटची एसटी सात-साडेसातला सुटते. कार्यक्रम दुपारी चारला सुरू करून साडेसहाला संपवला, तर दहाच्या नियमाचा प्रश्न येत नाही, पोलिसांना रात्रीचा बंदोबस्त लागत नाही, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही आणि मुलींना घरून परवानगी मिळते. परीक्षेचे महिने टाळले तर कॉलेजही हरकत घेत नाही.

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेने दोन ठराव केले तरी बरंच हलेल. सांस्कृतिक भवनाचा, दोनशे प्रेक्षकांपर्यंतच्या आणि पाचशे रुपयांच्या आतल्या तिकिटाच्या कार्यक्रमासाठी, वेगळा सवलतीचा दर. आणि अशा कार्यक्रमाला लागणाऱ्या कागदांची एका पानाची यादी, कोणता कागद कोणत्या टेबलावर मिळतो आणि किती दिवसांत, हे लिहून फलकावर. हा कार्यक्रम गाण्याचाच असायला हवा असंही नाही. एकांकिका, कवीसंमेलन, शाहिरी, गझल सगळ्यांना तोच दर लागेल. कुलूपबंद भवनाचं वीजबिल आणि वॉचमनचा पगार तर आजही नगरपरिषदच भरते आहे. चातुर्मासातले सतरा-अठरा शनिवार त्या हॉलच्या नोंदवहीत कोरे असतात, ते कोणी मागितले आहेत का, एवढं आधी विचारून बघता येईल.